रुसलेलं बटण

माझी वहिनी वेबसाइटी बनवते, आणि अशा बनवते की बघत राहावं! मूल झाल्यावर बरीच वर्षं ती घरी होती आणि तेवढ्यात तिचं क्षेत्र कुठल्या कुठे गेलं. पण बाई पेटून उठली, सगळं नव्यानं शिकली. केकची तीन दुकानं चालवणाऱ्या एका बाईंसाठी ऑर्डरची साइट तिनं फुकटात करून दिली. आज दुपारी एका दुकानाची साइट सुरू होणार होती. ती नीट चालली, तर तिन्ही दुकानांचं काम वहिनीचं. नाहीतर बाईंचा साइट बनवणारा जुना माणूस टपून बसलाच होता.

वहिनीचा एक नियम आहे. पान तयार झालं की ते आईच्या जुन्या फोनवर उघडून आईच्याच हातात द्यायचं. आई म्हणजे तिच्या सासूबाई. आमच्या आईला दम म्हणून नाही, एकच बटण चारदा दाबते. मागे तिनं अशाच एका केकच्या चार ऑर्डरी पाठवल्या, तेव्हा वहिनीनं कोडमध्ये एक ओळ घातली: बटण दाबताक्षणी ते बंद करायचं. ही ओळ किती लाखमोलाची आहे ते तिनं मला दहादा ऐकवलं. मला मेलीला त्यातलं काय कळतंय!

तर आज साइट सुरू व्हायला जेमतेम अर्धा तास. आईनं केक निवडला, नाव लिहिलं, बटण दाबलं. फोन नंबर राहिलाय, असं लाल अक्षरांत आलं. तिनं नंबर घातला, परत दाबलं. ढिम्म.

"अगं, तुझं बटण रुसलंय बघ," आई म्हणाली.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. बटण आधी बंद होत होतं आणि माहिती तपासली जात होती नंतर. चूक दाखवून कोड मागे फिरायचा, बटण मात्र बंदच. एक रकाना विसरला की गिऱ्हाईक हातचं गेलं! वहिनीनं स्वतः शंभरदा फॉर्म भरला होता, पण दरवेळी अगदी बिनचूक. हुशार माणसांची हीच तर खोड असते. तिनं ती ओळ उचलून तपासणीच्या खाली टाकली. ऑर्डर पोचलीच नाही तर बटण पुन्हा उघडायचं, अशी आणखी एक ओळ जोडली. आईनं परत मुद्दाम नंबर गाळला, मग भरला, मग सवयीनं धडाधड दाबलं. ऑर्डर गेली, एकच.

साइट सुरू झाली आणि ऑर्डरींचा नुसता पाऊस! माझ्या तर अंगावर काटा आला. थोड्या वेळानं फोन वाजला. केकवाल्या बाई भडकल्या होत्या. भट्ट्या पुरत नाहीत, पोरी रडकुंडीला आल्यात, ती साइट आधी बंद करा, म्हणत होत्या. वहिनी डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"बंद कशाला? दिवसाला किती ऑर्डरी घ्यायच्या, त्याची मर्यादा घालून देते. पण बाई, आता पैसे पडतील."

बाईंनी घासाघीससुद्धा केली नाही.

"सांगाल तेवढे देते. आधी हे आवरा, आणि उरलेल्या दोन दुकानांचंही घ्या करायला."