दोन्ही विंगा

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढणाऱ्याला सगळे दोरीदादा म्हणत. सव्वीस वर्षं तो एकाच विंगेत, दोरीपाशी उभा राहिला. शेवटच्या वाक्यानंतर किती श्वास थांबून पडदा टाकायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नसे. आमच्या कितीतरी टाळ्या खरं म्हणजे त्याच्या. आम्ही त्या वाकून वाकून स्वतःच्या नावावर घेतल्या.

त्या वर्षी मी राणी होते. शेवटी मी पायऱ्यांवरून कोसळायची, ती थेट प्रेक्षकांपाशी, रंगमंचाच्या कडेला. दादाला दोन गोष्टी एकदम पाहाव्या लागत : समोरच्या विंगेतला इशाऱ्याचा लाल दिवा आणि जमिनीवर पडणारा माझा हात. दिव्यावर नजर ठेवून हात तो डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचा.

एका प्रयोगाला हात पडला, पडदा पडेना. मेलेल्या माणसाने श्वास तरी किती रोखावा? माझं पोट हललं. पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं थिएटर.

मी तशीच, मुकुटासकट, विंगेत गेले. "दादा, प्यायची तर घरी जाऊन प्या!"

सगळ्यांसमोर बोलले. तो दोरीकडे बघत राहिला. इतरांनाही तेच वाटत होतं. कारण महिनाभर तो दारांच्या चौकटींना खांदे धडकवत होता, शेजारून जाणाऱ्याला धक्का देत होता. डोकं धरून बसायचा. चार पायऱ्या चढला की दमायचा, उकाड्यातही स्वेटर घालायचा. दाढी तर आठवड्यातून एकदाच करायचा. त्यावर आम्ही विनोदही केले होते.

आठवड्याने त्याची बायको मेकअपच्या खोलीत आली. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. हातात मोठं पाकीट होतं.

"बाई, हे पितात असं तुम्ही म्हणालात. वास आला होता का?"

"नाही, वहिनी."

"चष्मेवाल्याने एकेक डोळा झाकून बाजूला बोटं धरली. यांना एकही दिसलं नाही. समोरचं तेवढं दिसतंय."

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, सगळ्या शरीराला हुकूम सोडणारी. पाकिटातल्या डोक्याच्या फोटोत तिच्यात गाठ दिसत होती, चांगली लिंबाएवढी. कर्करोग नव्हता. पण दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे ती खालून दाबत होती. दमणं, थंडी वाजणं, दाढी न वाढणं, सगळं तिचंच. आणखी थांबलं तर समोरचंही जाणार होतं.

मी दवाखान्यात गेले. माफी कशी मागायची याची घरी तालीम केली होती, तिथे एक वाक्य आठवेना.

दादाच म्हणाला, "दारू असती तर बरं होतं हो बाई. सोडली असती." मग हळूच, "मला वाटायचं, कंपनीने कडेचे दिवे काढले. दोन्ही विंगा अंधारात. म्हटलं, काटकसर चालली असेल."

नाकातून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, एवढी मोठी गाठ पूर्ण निघेलच असं नाही. निघाली नाही. रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा त्यांनी सोडून दिला. पहिले काही दिवस दादा तांब्यावर तांबे पाणी पीत होता आणि दर थोड्या वेळाने लघवीला उठत होता. तेही औषधाने आटोक्यात आलं. डाव्या डोळ्याची कड बरीचशी परतली, उजव्याची नाही. गोळ्या जन्मभराच्या, ताप आला तर दुप्पट. एकही चुकवायची नाही. दर वर्षी डोक्याचा फोटो काढून तुकडा वाढला का ते पाहायचं, वाढला तर किरणं द्यायची.

चार महिन्यांनी तो परत आला. मालकाने तिकीटखिडकीवर स्टूल देऊ केलं.

दादा म्हणाला, "तिथे मला काय कळतं? समोरचं दिसतंय ना मला!"

"पण राणी पडते कडेला," दिग्दर्शक म्हणाला.

"मग राणी दुसरीकडे मरेल," मी म्हटलं.

"बाई, लेखकाने पायऱ्या लिहिल्यात."

"मरायचं कुणाला आहे, लेखकाला की मला?"

तालमीत मी खडूने रेघ ओढली, दादाच्या पायांपासून समोरच्या लाल दिव्यापर्यंत. त्या रेघेवर, मधोमध, मी पडायचं ठरलं. प्रेक्षकांना माझा चेहरा आता अर्धाच दिसणार होता. तीस वर्षं ज्या चेहऱ्यावर पोट भरलं, तो अर्धा द्यायला मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू?

प्रयोगाच्या दिवशी वहिनी विंगेत गोळ्यांची डबी घेऊन बसली. शेवटचं वाक्य म्हणून मी रेघेवर कोसळले. हात सोडला. डोळे मिटण्याआधी तो समोर दिसला, दोन्ही मुठी दोरीवर, नजर थेट माझ्या बोटांवर.

एक श्वास. दोन. थिएटर गप्प.

तिसऱ्या श्वासाला दोरी सरसरली.