थोरल्या साडूंचा बिननळीचा एसी

दुनियेतल्या कुठल्याही दुखण्यावर भिंतीला टांगलेलं एक लांबट पांढरं खोकं हाच उपाय आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबाने तो माझा थोरला साडू निघाला. आर्णीला त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. कपाशीवर बोंडअळी पडली म्हणून औषध विचारायला आलेला शेतकरी औषध तर नेतोच, पण जाताना एक टनाच्या आणि दीड टनाच्या मशीनमधला फरकही शिकून जातो. कुणाची झोप उडाली, कुणाचं डोकं धरलं, कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं, की साडू डोळे बारीक करून एकच प्रश्न विचारणार, "खोलीत किती डिग्री राह्यते?" घरगुती कलहाबद्दल तर त्यांचं पक्कं मत आहे. "सव्वीसच्या खाली भांडण होतच नाही, भाऊ. करून पाहा तुम्ही." त्यांच्याच आग्रहाने बसवलेल्या आमच्या एसीखाली मी आणि बायकोने चोवीसवर करून पाहिलं. होतं. पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

गंमत म्हणजे हा माणूस मूळचा कट्टर कूलरवाला. होळी झाली की माळ्यावरचा पत्र्याचा कूलर उतरवायचा, मागच्या वर्षीच्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बांधायच्या, मोटरला तेल द्यायचं आणि अंगणात उभं राहून नळीने टाकी भरायची, हा सोहळा ते दुसऱ्या कुणाला हात लावू न देता करायचे. तो कूलर सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर आडवं व्हायचं आणि समोरच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसायचे. आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, कित्येक उन्हाळे नवऱ्याशी हातवारे करून संसार केला. "आवाज येते म्हणजे हवा येते," असं साडू तेव्हा सांगायचे, आणि तेही आजच्याइतक्याच ठामपणे.

त्यांचा पंथ बदलला तो बाबांमुळे. बाबा म्हणजे साडूंचे वडील. ऐंशीच्या पुढचे, एके काळचे बैलांचे नावाजलेले पारखी. बैलाचे दात पाहून त्याचं वय सांगायचे आणि माणसाचे जोडे पाहून त्याचं गाव. त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि त्यांची खाट समोरच्या खोलीत आली, कारण तिथल्या दारातून रस्ता दिसतो. कूलरच्या ओल्या हवेने त्यांची छाती भरायला लागली. कूलर बंद करावा तर घामोळ्यांनी पाठ सोलून निघायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, की खोली थंड आणि कोरडी ठेवता आली तर बरं, नाहीतर हा उन्हाळा म्हाताऱ्याला झेपायचा नाही. मी त्यांच्याबरोबर होतो. साडू दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता थांबले आणि म्हणाले, "बाबाले मी हा उन्हाळा पार करूनच देतो, भाऊ. पाहाच तुम्ही." चारशे शेतकऱ्यांशी एका दिवसात हुज्जत घालणाऱ्या त्या माणसाचा आवाज मी प्रथमच असा कापरा ऐकला.

मग जे सुरू झालं त्याला अभ्यास हा शब्द तोकडा पडेल. नागपूरला एका नातलगाच्या बंगल्यात छताच्या आतून मोठाल्या नळ्या फिरवून सगळं घर एकदम थंड करायची सोय होती. साडू खास ती पाहायला गेले, स्टुलावर चढले, छताच्या जाळीत टॉर्च मारून बराच वेळ पाहत राहिले आणि खाली उतरून यजमानांच्या देखत म्हणाले, "घराच्या पोटात एवढे बोगदे? ह्याच्यात उंदीर नाही राह्यणार तर काय मी राहू?" शिवाय माणूस एका खोलीत आणि गारवा पाच खोल्यांत, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. तिथून त्यांनी निकाल लावला, की घरात घ्यावा तर बिननळीचाच एसी. हा शब्दही त्यांचाच. घर फोडावं लागत नाही, भिंतीला एक छोटं भोक पाडलं की काम झालं. ज्या खोलीत माणूस तिथलंच मशीन सुरू. धडधड करणारं धूड बाहेर आणि आत नुसता गारवा. जाळी आपल्या हाताने काढावी, नळाखाली धरावी, परत लावावी. हे सगळं ते बोटांवर मोजत सांगत, आणि बोटं संपली की ऐकणाऱ्याची घेत.

मशीन बसलं त्या दिवशी आम्ही सगळे हजर होतो. बाहेरच्या धुडाला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, आतल्या खोक्याला बाबांच्या डाव्या हाताने फूल वाहिलं गेलं. साडूंनी रिमोट दोन्ही हातांत धरून बटण दाबलं आणि आम्ही श्वास रोखून बसलो. एक तास झाला, दीड तास झाला, पण गारव्याचा पत्ता नाही. साडूंच्या कपाळावर घाम, हातात थर्मामीटर, आणि तोंडात मशीन बसवून गेलेल्या माणसाचा उद्धार. त्याला यवतमाळहून उलट पावली बोलावलं. तो बिचारा भर उन्हात मोटरसायकलवरून आला, खोलीत एकदा नजर फिरवली आणि दोन्ही खिडक्या, पुढचं दार आणि मागचं दार लावून घेतलं. पाच मिनिटांत बाबांनी डाव्या हाताने पांघरूण ओढलं. जन्मभर कूलर वापरलेली माणसं आम्ही; हवा खेळती पाहिजे म्हणून यंत्र सुरू करण्याआधी ताईंनीच मन लावून सगळं उघडून ठेवलं होतं. समोरचे राठोड गुरुजी तर त्याच्याही पुढचे. ते रोज सकाळी नेमाने बाहेरच्या धुडावर बादलीभर पाणी ओतायचे. साडूंनी विचारलं तर म्हणाले, "तुम्ही विसरून राह्यले म्हून मीच टाकतो जी. बिनापाण्यानं थंडा कसा करन तो?"

त्या दिवसापासून साडूंची दिनचर्या बदलली. रविवारी सकाळी आधी देव धुवायचे आणि मग त्याच ताम्हनाशेजारी मशीनची जाळी धुवायची, आणि दोहोंपैकी जास्त निगुतीने काय धुतलं जातं हे ताईंना विचारू नये. रिमोट तर शर्टाच्या खिशातून निघतच नसे. एकदा ते तो खिशात घेऊनच आमच्याकडे यवतमाळला आले, चहा पिता पिता खिशाला हात लागला आणि कप तसाच ठेवून उठले. "बाबा अठरावर हायेत!" एवढंच ओरडून ते निघाले ते थेट आर्णीला. पोचून पाहतात तो मशीन बंद आणि बाबा मजेत. मशीनच्या पोटाशी एक बटण असतं, ते ताईंनी पहिल्याच आठवड्यात लाटण्याने शोधून काढलं होतं. नवऱ्याला मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. लाइन गेली असेल, असंच साडू धरून चालतात.

बाबांची पाठ सुकली, छाती मोकळी झाली, रात्रीची झोप लागायला लागली. आणि तरीही बाबा सुकायला लागले. पोळी अर्धी सोडू लागले, कुणाकडे पाहीनासे झाले. कारण कळायला साडूंना चार दिवस लागले. त्यांच्या गल्लीत दिवसा दार लावायची पद्धतच नाही. दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे घरात कुणी नाही, किंवा घरात काही बोलायचं नाही असं घडलंय. जाता-येता "काय म्हणता बाबा?" म्हणून डोकावणारी माणसं बंद दार पाहून हळूच पुढे जात होती. बाबांनी एका दुपारी डावा हात दाराकडे नेला आणि जड जिभेने एवढंच म्हटलं, "उघड." साडूंनी उघडलं. ऊन आत आलं, माणूस एकही आला नाही. दार उघडं ठेवावं तर बाबांचं शरीर जातं आणि बंद ठेवावं तर जीव रमत नाही, असा मोठाच पेच पडला. ताई सांगतात, की त्या रात्री साडू जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारावर ठळक अक्षरांत पाटी लागली: 'दार लावलेलं आहे. कडी नाही. ढकला, आत या, आणि दार लावा.' नुसत्या पाटीवर साडूंचं समाधान होणार थोडंच? ते घरोघर जाऊन सांगून आले, "बाबा वाट पाहून राह्यले, काहून येत नाही तुम्ही?" आणि लोक आले. हो, आले! पहिल्या दिवशी गुरुजी आले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे चौघं, आठवड्याभरात त्या खोलीत दुपारी पाय ठेवायला जागा राहिली नाही. बाया वाती वळायला घेऊन आल्या, कुणी सुपात तूर घेऊन आली, म्हातारे पानसुपारीचे डबे घेऊन भिंतीला टेकले. बाबांसमोर नव्या गोऱ्ह्यांची वर्णनं व्हायला लागली आणि बाबा मान हलवून, हुंकारून, डाव्या हाताची बोटं दाखवून त्यांची पारख करायला लागले! साडू मात्र कोपऱ्यात थर्मामीटर घेऊन कासावीस. मशीन सोळावर लावलं तरी खोली अठ्ठावीसच्या खाली येईना. "एकेक माणूस म्हणजे एकेक शेगडी हाय," ते मला कानात म्हणाले, आणि गुरुजींच्या देहाकडे पाहून, "गुरुजी तर एकटेच अर्ध्या टनाचे!" पण एकालाही त्यांनी ऊठ म्हटलं नाही. एका दुपारी गर्दीने दार लागेचना, तर स्वतः पाठीने दार दाबून तासभर उभे राहिले. मी तो उन्हाळा कधी विसरणार नाही. इतकी उकडणारी थंड खोली आणि इतकी खुशीत असलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

बाबांनी तो उन्हाळा पार केला. आणि साडूंनी बाबांच्या खाटेभोवती बसलेल्या एकेका माणसाला बाटवलं. रोज दुपारी हक्काचे श्रोते समोर. त्यातून गारवा हा असा अंगावर. पुढच्या दोन वर्षांत गल्लीतल्या घराघरांत बिननळीचा एसी आला, आणि प्रत्येक ठिकाणी साडू जातीने उभे. भिंत कोणती, उंची किती, बाहेरचं धूड सावलीत येतं की नाही, पाण्याची नळी उताराला आहे की नाही. गुरुजींकडे तर यांनी स्वतः पट्टी धरून भोक पाडायची जागा आखली आणि मशीन सुरू झाल्यावर, "पाहा, तुमच्या राज्यात आता तुम्हीच राजे!" असं म्हणून गुरुजींना कडकडून मिठी मारली. मला फोनवर म्हणाले, "भाऊ, गल्लीत आता एकाची बी झोप उडत नाही!" जग जिंकल्याचा तो आवाज होता, आणि खरंच, मलाही त्यांचा फार अभिमान वाटला.

यंदा मे महिन्यात एका दुपारी मी आर्णीला गेलो. दार ढकलून आत शिरलो, तर खोली अशी गार, की मशीन लागल्यापासून एवढी गार ती मी पाहिली नव्हती. बाबा खाटेवर, ताई शेजारी, आणि बाकी खोली रिकामी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझे जोडे पाहिले, ओळखलं. मग माझ्या मागे दाराकडे नजर लावून विचारलं, "अजून... कोण कोण?" मी गडबडलो. ताईंनी पंख्याकडे पाहत हळूच सांगितलं, "आता ज्याच्या त्याच्या घरी हाय ना थंड. कोण कायले येईल?"

"आणि भाऊ कुठे आहेत?" मी साडूंबद्दल विचारलं.

ताईंनी नुसतं खिडकीकडे बोट केलं.

मी काचेतून पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं लागलेली, आणि प्रत्येक दाराशेजारी एकेक धूड घरघरत होतं. डोक्याला दुपट्टा बांधून साडू गुरुजींच्या ओट्यावर उभे होते. त्यांनीच जागा ठरवून दिलेल्या धुडाची गरम वाफ सरळ त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांनी गुरुजींच्या दाराची कडी वाजवली. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटलं, की मी खिडकी किलकिली केली. तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला.

"गुरुजी, चाला ना जी थोडा वेळ. आमच्या घरी बी थंडच हाय."

साडूंनी दुपट्ट्याने तोंड पुसलं, आणखी एकदा कडी वाजवली, आणि ते तिथेच उन्हात दार उघडायची वाट पाहत उभे राहिले.