पाच थेंबांचा निकाल

फालेसी नामाक्वा आमच्या आरोग्य केंद्रात आली ती नर्स म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून. तिचं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पण डोंगराच्या पायथ्यापासून चहाच्या मळ्यांपर्यंत सगळे तिला ओळखत, कारण आपल्याला एचआयव्ही आहे हे ती स्वतःच सांगत फिरायची. मी तिथे औषधं द्यायचे, त्यामुळे तिला रोज पाहत होते.

तिचा मुलगा यामिकानी नऊ महिन्यांचा असताना गेला. आईच्या रक्तातली एचआयव्हीविरोधी द्रव्यं बाळात दीड वर्षापर्यंत राहतात, म्हणून साध्या तपासणीत बाळाचं खरं कळत नाही. तिला सांगितलं होतं, "दीड वर्षाचा झाला की आण." ती वाट पाहत राहिली आणि पोर गेलं.

पुढे तान्ह्या बाळांची वेगळी तपासणी निघाली. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला सुई टोचायची, जाड कागदावरच्या पाच गोलांत रक्ताचे थेंब घ्यायचे, सुकवायचे आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. हे काम फालेसीने मागून घेतलं. बाळ किंचाळलं की आईला म्हणायची, "रडू दे गं, आवाज बघ कसा खणखणीत आहे!"

डोरिका एकोणीस वर्षांची, मळ्यात चहा खुडायची; तिलाही एचआयव्ही होता, आणि बाळाला लागण होऊ नये म्हणून ती गोळ्या घेत होती. नवरा सीमेपलीकडे कामाला गेला तो तोवर परतला नव्हता. तिच्या मुलीचे, तियामिकेचे, थेंब फालेसीनेच घेतले.

"निकाल कधी येईल?"

"महिन्याभरात."

महिना गेला. शहरातलं यंत्र बंद पडलं, ते सुरू झालं तर रसायन संपलं, मग नमुने नेणाऱ्या मोटारसायकलला पेट्रोल नव्हतं. डोरिका दर आठवड्याला दोन तास चालत यायची. शेवटी आली तेव्हा पोर तापाने फणफणलं होतं. तापाचं औषध मी दिलं. फालेसी म्हणाली, "निकाल आला की खरं औषध सुरू करू."

अकराव्या आठवड्यात निकाल आला. तियामिकेला लागण होती. फालेसीने माझ्याकडून सिरपच्या बाटल्या घेतल्या आणि तशीच निघाली.

डोरिकाच्या अंगणात चटयांवर बायका बसल्या होत्या. डोरिकाच्या आईने बाटल्यांकडे पाहिलं.

"कुणाला पाजणार? परवा पुरलं तिला."

डोरिका उठून पुढे आली. "मी आणली होती ना तिला? तू म्हणालीस, निकाल येऊ दे. आला ना? बस आता घेऊन!"

फालेसी खाली बसली. संध्याकाळपर्यंत कुणी तिला पाणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. "कपाटात ठेव," म्हणाली. एकही उघडलेली नव्हती.

त्यानंतर दर सोमवारी ती चहाच्या ट्रकमधून शहरात जाऊ लागली. बाळांच्या नावांची यादी मांडीवर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात बसायची. तिथले लोक चिडवत, "आली बघा सासू!" ती म्हणायची, "सासूच आहे. निकाल द्या, जाते." आमचे निकाल तीन आठवड्यांत येऊ लागले. दोन वर्षांत अकरा बाळांना आजारी पडण्याआधी औषध मिळालं. त्यातली दोन तरीही गेली.

तिसऱ्या वर्षी डोरिका पाठीशी सहा आठवड्यांचा मुलगा बांधून आली. नमस्कार नाही, काही नाही. पोर पुढे केलं. "घे रक्त."

एकोणिसाव्या दिवशी निकाल हातात आला. फालेसी तो घेऊन स्वतः तिच्या घरी गेली, मी बरोबर होते.

"म्हणजे हाही?" डोरिकाने विचारलं.

"हाही. पण अजून धडधाकट आहे. आजपासूनच पाजायचं."

डोरिकाने पोराला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माझ्या गोळ्या मी नदीत फेकल्या. ती गेली तेव्हाच. परत घेतल्याच नाहीत."

फालेसीने बाटली उघडली. तिने सिरप मोजून पोराच्या तोंडात घातलं. ते जहर कडू असतं, पोराने थुंकलं. तिने पुन्हा मोजलं.

तो मुलगा आता पाच वर्षांचा आहे. वयाच्या मानाने बुटका, पण शाळेत जातो. डोरिकाही गोळ्या घेते.

मी एकदा फालेसीला विचारलं, "बोलते का गं ती तुझ्याशी?"

"औषध किती द्यायचं, तेवढं विचारते," ती म्हणाली. "मला पुष्कळ झालं."