आवाज बंद करून पाहिलेली मॅच

सोमवारी हे गेले. तेव्हापासून मी पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही. रविवारी मुलाने दबकत विचारलं, "आई, बाबांच्या टीमची फायनल आहे. लावू?"

"सुतकात टीव्ही? शेजारी काय म्हणतील!" नणंदबाई म्हणाल्या.

"आवाज बंद करून लाव," मी म्हटलं. "मी वाचत असले की हे फुटबॉल तसंच बघायचे."

"आणि गोल झाला की स्वतःच गल्ली उठवायचा," म्हणत नणंदबाई हसल्या, मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

गोल झाला. आमच्याकडे कुणी ओरडलं नाही. इतकी वर्षं ज्या शांततेत मी वाचत आले, ती ते रोज माझ्यासाठी करून ठेवत होते.

आता घरात मी आहे, मुलगा आहे, आणि वाचायला हवी तेवढी शांतता आहे.