आवक तारखेचा पाऊस

रेणुकादासरावांनी आयुष्याची तेवीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. कागद आला की ठप्पा, ठप्प्यात आजची तारीख, मग पुढचं बोलणं. पत्र कुणी कधी लिहिलं, वाटेत किती दिवस फिरलं, याच्याशी टेबलाला काही देणंघेणं नव्हतं. ही शिस्त घरापर्यंत गेली होती. पुतण्याची लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, कोपऱ्यात ते आल्याची तारीख घालायचे. "मी या घरात आले तीच माझी जन्मतारीख धरली असेल तुम्ही," असं सरोजिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या. रेणुकादासराव नुसते हसायचे. खरी जन्मतारीख काही त्यांना सांगता यायची नाही.

लातूरचं त्यांचं कार्यालय जिल्ह्याच्या पावसाचे आकडे गोळा करून सरकारला द्यायचं. पूर्वी गावोगावची माणसं रोज सकाळी काचेच्या मोजपात्रातला पाऊस फोनवर सांगत. चाकूरकडच्या एका वाडीतले ग्यानोबा त्यातले सगळ्यात जुने. "साहेब, बारा हाय. तेरा लिहू नगा, म्या दोनदा बघितलंय," असा त्यांचा काटा.

मग दहा-बारा गावांच्या प्रत्येक मंडळात पाऊस मोजणारं एक यंत्र उभं राहिलं, ग्यानोबांच्या मंडळाचं त्यांच्याच वावरात, फोन बंद झाले आणि कॉम्प्युटरवर रोज फायली येऊ लागल्या. त्यांना आपोआप नाव देऊन आकडे काढणारं सॉफ्टवेअर बसवायला मालविका नावाची हुशार पोरगी आली. कामाचे नियम तिनं रेणुकादासरावांनाच विचारले.

"काका, फाइलच्या नावात तारीख कुठली घालू? आतली, का आल्याची?"

"आल्याची. आवक म्हणजे आवक."

"एका तारखेला दोन आल्या तर?"

"एका केंद्राची एका दिवशी एकच. नवी ठेवायची, जुनी काढायची."

"आणि आलीच नाही तर?"

"निरंक, म्हणजे शून्य. आपल्या रजिस्टरात तसंच असतंय."

मालविकानं तसेच नियम भरले. वर्षभर सगळं झकास चाललं. रेणुकादासराव पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "आमचं मशीन माझ्या हाताखाली तयार झालंय."

यंदा भाद्रपदात वाडीवर ढगफुटीगत पाऊस झाला. ओढा ग्यानोबांच्या वावरातून गेला, उभं सोयाबीन आणि खालची काळी माती घेऊन गेला. दावणीचा एक बैलही गेला. त्याचा कासरा सोडायला सवड मिळाली नाही. पाऊस कोसळला तशी मोबाइलची रेंजही गेली. ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली आणि यंत्रानं तुंबलेल्या तिन्ही फायली एकदम पाठवल्या. सॉफ्टवेअरनं शिकवल्याप्रमाणे तिघींना एकच नाव दिलं. दुसरीनं पहिलीला पुसलं, तिसरीनं दुसरीला. उरली ती चार मिलिमीटरची. आधीचे दोन दिवस निरंक.

नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टीची यादी लागली. एका दिवसात पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झालेली मंडळं तिच्यात होती. ग्यानोबांचं मंडळ नव्हतं.

त्यांचा फोन आला तो पावसानंतर नवव्या दिवशी. "साहेब, एकशे अठरा. जुनं मोजपात्र हाय की माझ्याकडं. यादीत आमी कसं न्हाई?"

रेणुकादासरावांनी मालविकाला बोलावलं. तिनं शोधलं, पुन्हा शोधलं. "काका, पुसलीय. यंत्र सातच दिवस जपून ठेवतं. तिथंही नाही आता."

कार्यालयाचे मोठे साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे झालंय ना? मग चूक कुठंय? उगाच अंगावर घेऊ नका, नोकरी जाईल." तहसीलमध्ये रेणुकादासराव स्वतः गेले, घडलं ते सांगितलं. तिथल्या बाबूंनी शांतपणे विचारलं, "फाइल दाखवा." हातानं मोजलेला पाऊस तर यंत्रं आली तेव्हाच चालेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं वाडीवर गेले. वावर कुठं संपतं आणि ओढा कुठं लागतो ते कळत नव्हतं. सगळीकडं दगड. मधोमध यंत्र तेवढं स्वच्छ उभं होतं.

"मामा, चूक माझी आहे," ते ग्यानोबांना म्हणाले आणि तीन फायलींची गोष्ट जमेल तशी सांगितली.

ग्यानोबांनी ऐकून घेतलं. "म्हंजे मी बरोबर मोजलं?"

"बरोबर."

"आता यादीत येईल?"

"नाही येणार, मामा."

ग्यानोबांनी पायाजवळचा एक दगड उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, "तसं लिहून द्या. सरकारला न्हाई, मला. मंडळातली अकराबी गावं म्हणत्यात, म्हाताऱ्याला दिसत न्हाई, त्यानंच काईबाई आकडा सांगितला, म्हणून यादीत न्हाई. पोरगं बी तेच म्हणतंय."

रेणुकादासरावांनी पिशवीतून कागद काढला. असा कागद साहेबांच्या हाती लागला तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं. निवृत्तीला चौदा महिने होते. त्यांनी पाऊस पडला त्या दिवसाची तारीख घातली, एकशे अठरा लिहिलं, फाइल आपल्या नियमामुळे पुसली गेली असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

ग्यानोबांनी कागद वाचायला डोळ्यांजवळ नेला नाही, हात लांब धरून वाचला. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. "चला," म्हणाले, "आधी पारावर जाऊ. तिथं तुमीच वाचून दाखवा."

रेणुकादासराव उठले. पारावर माणसं बसलेली लांबूनच दिसत होती.