गादी झाडणाऱ्याच्या हातचा नारळ

आमचं पोरगं पलटणीत. लढाई पेटली तेव्हा बायको नवस बोलली, पोर धड घरी आलं तर साताऱ्याकडच्या संन्यासी स्वामींच्या गादीला नारळ देईन. पोर आलं. त्याची रजा संपायच्या आत नवस फिटला नाही तर पुढं त्याला कोण सांभाळणार, हा तिचा घोर. म्हणून शिराळ्याहून एसटीनं आम्ही दोघं त्या स्वामींच्या राजवाड्यावर गेलो.

दारावर पाटी. माझी शाळा तिसरीपर्यंत, अक्षर जुळवत वाचलं, व-स्तु-सं-ग्र-हा-ल-य. म्हणालो, "आगं, स्वामी सरकारजमा झालं. आता तिकीट काढून दर्शन."

"गप बसा आन् चपला काढा."

आत माणसं बूट वाजवत हिंडत होती, अनवाणी आम्हीच. पालखी, हंड्या, भिंतभर तलवारी. पलंग तर आमच्या परड्याएवढा.

"संन्याशाला येवढा पलंग कशाला गं?"

"जपाला बसत असतील. तुमच्यागत घोरत पडत नसतील."

गादीपुढं दोरी होती. हिनं पिशवीतून नारळ काढला तसा शिपाई धावत आला. "मावशी, हितं काय ठेवायचं न्हाई. सायेब मला घरी बसवतील."

तिचं तोंड उतरलं. पोर दुसऱ्या दिवशी निघणार होतं. मी म्हणालो, चल. ती हलेना. शिपायाला म्हणाली,

"गादी रोज झाडतं कोण?"

"मीच की."

"आन् दिवा?"

"दिवा न्हाई, बल्ब हाय. त्यो बी मीच लावतो."

"मग तुमीच पुजारी," म्हणत ती सरळ त्याच्या पाया पडली. खाकीतला तो बापडा उडी मारून मागं सरला.

"आवं मावशी, मी सरकारी माणूस!"

"असा की. नारळ घ्या."

त्यानं इकडं तिकडं बघितलं, मागच्या नळाजवळच्या दगडावर नारळ फोडला आणि कुणी न सांगता एक वाटी हिच्या पदरात घातली.

"शिक्का मारून घे, सरकारी परसाद हाय," मी वाटभर चिडवत होतो. तिला ऐकू येत नव्हतं. लय दिवसांनी ती एसटीत माझ्या खांद्यावर गाढ झोपली, आणि घोरली.

पोरगं पुढं पेन्शन घेऊन धड घरी आलं. ते बघायला ती राहिली नाही. स्वतःसाठी कधी नवस बोलली नाही बाई. मला म्हणाली असती, तर त्या शिपायाच्या पाया मी पडलो असतो.