आजीबाईला कोण ठेवून घेईल

कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये त्याला सगळे कंपाउंडर म्हणत. नाव तसं कामापेक्षा मोठंच होतं. औषधं डॉक्टरीणबाई देत, टाकेही त्याच घालत. कंपाउंडरचं काम म्हणजे कुत्र्यांना धरणं. लस टोचताना धरायचं, जखम धुताना धरायचं, आणि एखाद्याचं काहीच होण्यासारखं उरलं नसलं की शेवटची सुई देतानाही त्यानंच धरायचं. एक हात मानेखालून, दुसरा पोटावरून, आणि तोंडानं काहीबाही बडबड चालू. काय बडबडतो ते त्याचं त्यालाही ठाऊक नसे. कुत्रं अंगावर सैल पडलं की तो गप्प व्हायचा, हात धुवायचा आणि चहाला जायचा. एवढं करून या माणसाला घास गिळवतो कसा, याचं त्याच्या बायकोला नवल वाटे.

आजीबाई ही तिथली सगळ्यात म्हातारी कुत्री. मालकानं तिला फाटकाला बांधलं होतं आणि शेजारी तिची उशी ठेवून तो निघून गेला होता. आली तेव्हा चांगली लठ्ठ होती. मग शुगर निघाली आणि बघता बघता तिचं कातडं हाडांवरून लोंबायला लागलं. डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय धड उचलत नाहीत. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागे. दिवसभर पाणी प्यायची आणि बसल्या जागी सोडायची.

शेल्टरची निम्मी जागा जमीनमालकाला परत द्यावी लागणार असं ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला आत बोलावलं.

"काका, मागची रांग जाणार. धडधाकट आहेत त्यांची सोय लावू कुठंतरी. पण ज्यांना कुणीच नेणार नाही..."

कंपाउंडरनं मान हलवली. असं पहिल्यांदा थोडंच होत होतं?

त्या आठवड्यात त्यानं बरीच कुत्री धरली. मग एका सकाळी पिंजरा धुवायचा म्हणून तो आजीबाईला उचलायला वाकला, तर तिनं चाचपडत पुढं येऊन आपली मान त्याच्या कोपरात नेऊन ठेवली. शेवटच्या सुईच्या वेळी तो जशी धरायचा, अगदी तशी. तिला काय कळलं असेल? काहीच नसेल, ऊब मिळाली एवढंच. पण त्यानं तिला पटकन खाली ठेवलं, आणि ओल्या हातांनीच जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "हिला मी जागा बघतो."

स्वतःच्या घरी नेणं शक्य नव्हतं. बायकोला दमा होता; त्याच्या कपड्यांवरच्या केसांनीही तिला धाप लागे, म्हणून तो दारातच कपडे बदलायचा.

"काय, आजीबाईसाठी स्थळं बघताय म्हणे!" झाडूवाली म्हणाली. "वय लपवा हो थोडं, निदान शुगरचं तरी सांगू नका."

पहिलं स्थळ शेल्टरमध्येच चालून आलं. एक जोडपं होतं. बाई आजीबाईसमोर बसली, तिच्या पांढऱ्या तोंडावरून हात फिरवत रडली, नवऱ्याला म्हणाली, "बघा हो, किती सोसलंय हिनं." मग दोघं पुढं गेली आणि काळ्या कानाचं पिल्लू घेऊन घरी निघाली.

दुसरं स्थळ वखारवाल्याचं. लाकडांच्या ढिगाऱ्यांमध्ये उभा राहून त्यानं सगळं ऐकून घेतलं, औषध कसं द्यायचं तेही समजून घेतलं. "आणा. भुंकली म्हणजे झालं," म्हणाला. आठवडा उलटल्यावर कंपाउंडर बघायला गेला, तर आजीबाई आखूड दोरानं खांबाला बांधलेली, अंगात भुसा, भांडं कोरडं ठणठणीत. इन्सुलिनची बाटली खिडकीत उन्हात तापत होती. सुयांचं खोकं फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"अहो, भुंकतच नाही ती," वखारवाला उलट त्यालाच म्हणाला. "नुसतं पाणी मागते!"

कंपाउंडरनं भांडण केलं नाही. दोर सोडला, तिला उचललं आणि चालू लागला. शेल्टरकडं जायची वाट उजवीकडं होती. तो डावीकडं वळला, थोरल्या बहिणीच्या घराकडं.

अक्का दोन खोल्यांत एकटीच राहत होती. मागं मूठभर अंगण. आधी वडील, मग नवरा, दोघांचंही दुखणं तिनंच काढलं होतं. आजारी माणसाचं कसं करावं ते तिच्याइतकं कुणाला जमत नाही असं नात्यात सगळे म्हणत, आणि एवढं म्हणून आपापल्या घरी जात. भाऊ अलीकडं फारसा फिरकत नसे.

दार उघडून तिनं आधी कुत्रीकडं पाहिलं, मग भावाकडं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, अजून मी काही बोललो पण नाही."

"बोलायला कशाला हवं? कुणाचं मरण जवळ आलं की तुम्हाला माझं दार आठवतं. बाबांनाही तू असंच आणलंस. दोन दिवस राहू दे म्हणालास. मग रविवारी फळं घेऊन यायचास, पाहुण्यासारखा. ती खायला त्यांना दात तरी होते का रे?"

आजीबाई भिंतीला डोकं टेकवून उभी होती. तिथंच तिनं सोडलं. स्वच्छ फरशीवरून ओघळ पार अक्काच्या पायापर्यंत गेला. कंपाउंडरनं इकडं तिकडं बघितलं, खिशातला रुमाल काढला आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागला. रुमाल भिजला. तो पिळला, पुन्हा पुसलं.

अक्का बघत राहिली. हा भाऊ असं खाली बसून काही पुसताना तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"त्यानं काय होतंय?" शेवटी ती म्हणाली. "मोरीतलं फडकं घे."

तो फडकं घेऊन आला तोवर तिचं ठरलं होतं. "सुया मी टोचणार नाही. सकाळी आणि संध्याकाळी तू यायचं. घाण तू काढायची. एक वेळ जरी चुकलास, तर हिला मी रस्त्यावर सोडून देईन. आणि मला ताई-माई करायची नाही."

तो येत राहिला. कामावर जायच्या आधी यायचा, सुटल्यावर यायचा. अंगण धुवायचा, सुई द्यायचा. अक्का पाठ करून भांडी घासत असायची. भावाशी बोलणं जेवढ्यास तेवढं. कुत्रीशी मात्र तोंडाचा पट्टा चालू. "भवाने, आत्ता तर खाल्लंस! पोट आहे की विहीर?" आजीबाईला आता काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ती खुर्चीला धडकते म्हणून अक्कानं खुर्ची अंगणात टाकली, मग स्टूलही, आणि स्वतः जमिनीवर बसायला लागली. एकदा झोपेत हात लागला म्हणून कुत्री दचकून तिला चावली. हात चांगला सुजला. कंपाउंडर आला तेव्हा अक्कानं जखम धुऊन पट्टी बांधलेली होती. "तिची काय चूक," एवढंच म्हणाली.

थंडी सरता सरता आजीबाईनं खाणं सोडलं. किडन्या गेल्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाणीसुद्धा पोटात ठरेना. मग ती कण्हायला लागली, थांबून थांबून, लहान पोरासारखी.

"बस कर आता हिचं," अक्का म्हणाली.

"अजून दोन दिवस बघू या ना."

"बघणारा तू. दिवसभर ऐकणारी मी आहे."

इतकी कुत्री धरलेला तो माणूस, पण आपण हिच्यासाठी असे दोन दिवस मागतोय याची त्यालाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. मागच्या खोलीत चादर अंथरली. त्यानं नेहमीसारखा एक हात मानेखालून घातला, दुसरा पोटावरून. पण तोंडातून शब्द फुटेना. रोजची ती बडबड कुठं गेली कुणास ठाऊक. आजीबाईनं अंग ताठ केलं, डोकं इकडं तिकडं हलवायला लागली. तेव्हा अक्का पुढं आली, जमिनीवर बसली आणि तिच्या कानाशी बोलायला लागली. "झालं गं. झालंच आता. कुणी काही करत नाही तुला." कुत्रीचं अंग सैल पडलं तरी ती बोलतच होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबली.

अंगणातली जमीन कडक होती. खणता खणता कंपाउंडरच्या हातांना फोड आले. अक्का उंबऱ्यात उभी होती.

"बाबांसाठी अशी सुई असती ना," ती म्हणाली, "तर मी दिली असती. तुला विचारलं पण नसतं."

तो खणत राहिला. माती लोटून झाल्यावर तिनं त्याच्या हातांवर तांब्यानं पाणी घातलं आणि म्हणाली, "उद्यापासून यायचं काही कारण नाही."

शेल्टरमध्ये त्यानं धरण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगून बघितलं. दुसरं कुणी तयार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. मग तोच धरत राहिला, पण आता गप्प राहून. कुत्री जास्त धडपडतात हे त्यालाही दिसत होतं.

अक्काकडं तो अधूनमधून जातो. कधी ती दार उघडते, कधी खिडकीतूनच सांगते, मला पडायचंय, जा. खुर्ची परत आत आली आहे. एकदा चहा पिताना त्यानं धीर करून विचारलं, "बाबा शेवटी काही बोलायचे का गं?"

"तुला हाका मारायचे."

त्यानं कप खाली ठेवला. "मग?"

"मग काय? मी ओ द्यायचे," अक्का म्हणाली. "त्यांना कुठं फरक कळत होता."